आधी बाहेर यायचं कसं ते ठरवा: दिव्यांगांना समुद्रात पोहायला नेताना

व्हीलचेअरची पुढची दोन चाकं तळहाताएवढी असतात. कोरड्या वाळूत खुर्ची चार हात ढकलली की ती रुततात, मागचा माणूस जोर लावतो आणि बसलेला माणूस तोंडावर येतो. दिव्यांगांना समुद्रात पोहायला न्यायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खोल पाणी आणि लाटा येतात. मी पाहिलेले बेत मात्र बहुतेक वेळा फसले ते रस्ता आणि पाणी यांच्यामधल्या पन्नास मीटर वाळूत. आणि तेही आत जाताना नाही, परत येताना. जाताना उचलायला सहा जण पुढे सरसावतात. तासाभराने दमलेला, ओला, गार पडलेला माणूस बाहेर काढायची वेळ येते तेव्हा दोघंच उरलेले असतात, कारण बाकीचे चहाच्या टपरीवर.

म्हणून या लेखात मी क्रम थोडा उलटा ठेवला आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न आधी विचारायचा: इथून बाहेर कसं यायचं? त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

हे जमतं का, अशी शंका कुणाला असेल तर चार उदाहरणं सांगून पुढे जातो. मुंबईचे कर्णबधिर जलतरणपटू तारानाथ शेणॉय यांनी १९८० च्या दशकात इंग्लिश खाडी पार केली. दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावलेले बंगालचे मसुदुर रहमान बैद्य १९९७ मध्ये तीच खाडी पोहून गेले. जून २०१८ मध्ये सत्येंद्रसिंग लोहिया, रिमो साहा, जगदीशचंद्र तेली आणि आपले चेतन राऊत या चार दिव्यांग जलतरणपटूंनी रिले पद्धतीने ती १२ तास २६ मिनिटांत ओलांडली. स्वमग्न (ऑटिझम) असलेली मुंबईची जिया राय २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवेपर्यंतचं ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहली. या सगळ्यांच्या मागे काय होतं ते मात्र बातमीच्या मथळ्यात येत नाही: शेजारी चालणारी होडी, ओळखीचा प्रशिक्षक, ठरलेल्या वेळी पाणी आणि खाणं, आणि पोहणं थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे हे आधीच ठरलेलं.

आपल्याला खाडी पार करायची नाही. एखाद्या शांत किनाऱ्यावर दोनशे मीटर पोहून सुखरूप परत यायचं आहे. पण व्यवस्था तीच लागते, फक्त छोट्या मापाची.

पहिली पायरी: माणसाशी बोला, प्रमाणपत्राशी नाही

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि प्रमाणपत्रावर टक्केवारी असते. सवलतींसाठी ती लागते. पाण्यात तिचा काडीचा उपयोग नाही. ७० टक्के लिहिलेला एक जण माशासारखा पोहतो आणि ४० टक्केवाल्या दुसऱ्याला पालथा झाल्यावर स्वतःहून उताणं होता येत नाही. आपल्याला हवी असते ही दुसरी माहिती.

ती ज्याला पोहायचं आहे त्यालाच विचारा. सोबत आलेला भाऊ किंवा आई उत्तर देऊ लागते, कारण वर्षानुवर्षांची सवय असते. त्यांचंही ऐका, पण नंतर. मी विचारतो ते साधारण असं: तोंडात पाणी गेलं तर खोकून बाहेर काढता येतं का? पोटावरून पाठीवर स्वतः वळता येतं का? थंडी, चटका, खरचटणं कुठल्या भागात कळत नाही? फिट येते का, शेवटची कधी आली, त्याआधी काही चाहूल लागते का? कोणती औषधं चालू आहेत आणि आजची गोळी घेतली का? लघवीची नळी किंवा पिशवी आहे का? चष्मा, श्रवणयंत्र काढल्यावर तुमच्याशी बोलायचं कसं? आणि शेवटचा प्रश्न: घाबरलात तर तुम्ही काय करता? काही जण ओरडतात, काही एकदम गप्प होतात. गप्प होणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

हृदयविकार, फिट, मणक्याची इजा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. डॉक्टरांना नुसतं ‘पोहायला जाऊ का?’ असं विचारलं तर ते सावधपणे नको म्हणतील. अंतर, पाण्याची खोली, सोबत किती माणसं आणि सोय काय, हे सांगून विचारा.

दुसरी पायरी: तलावात परीक्षा

पूर्वी गावाकडे पाठीला सुका भोपळा बांधून पोराला विहिरीत ढकलत. त्या शाळेतून तरलेले लोक अजून अभिमानाने सांगतात. न तरलेले सांगायला उरले नाहीत. समुद्राची पहिली ओळख जलतरण तलावातच व्हायला हवी.

तीन गोष्टी तपासा. पहिली, उताणं तरंगणं. आधाराशिवाय किंवा जॅकेट घालून, पण तोंड पाण्याबाहेर राहून, दोन-तीन मिनिटं. दुसरी, पालथ्यावरून उताणं वळणं. तिसरी, अंतर: समुद्रात जेवढं पोहायचं त्याच्या दुप्पट तलावात न थांबता, कठड्याला हात न लावता. तलावात दर पंचवीस मीटरला भिंत मिळते, समुद्रात ती नसते; हा फरक भल्याभल्यांना पहिल्याच दिवशी कळतो.

लाइफ जॅकेटची परीक्षा वेगळी घ्या. बाजारातली साधी जॅकेटं सर्वसाधारण शरीर गृहीत धरून बनवलेली असतात. ज्यांचे पाय लुळे आहेत त्यांचे पाय कधी वर तरंगतात, कधी पेटका येऊन आखडतात आणि अख्खं शरीर पालथं होतं. एक पाय किंवा एक हात नसेल तर शरीर एका कुशीवर कलतं. छातीएवढ्या पाण्यात जॅकेट घालून बघा, दोन्ही बाजूंनी हळूच वळवून बघा, तोंड आपोआप वर येतं का ते पाहा. येत नसेल तर ते जॅकेट त्या माणसासाठी नाही, कितीही महागाचं असो.

कमरेला बांधून मागे ओढत न्यायचा नारिंगी फुगा सगळ्यांनाच बांधावा. लाटांमध्ये नुसतं डोकं दिसत नाही, फुगा दिसतो. दमल्यावर त्यावर हातही टेकता येतात. पण बेशुद्ध माणसाचं तोंड तो वर ठेवत नाही. त्याला जॅकेट समजू नका.

ज्यांना स्वतः वळता येत नाही त्यांनी समुद्रात उतरू नये, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी नियम एवढाच: हाताच्या अंतरावर एक पोहणारा सोबती, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत, दुसरं कुठलंही काम न करणारा.

तिसरी पायरी: जागा आणि तिथी

जागा निवडताना देखाव्याला भुलू नका. हवा आहे मंद उताराचा, वाळूचा, खडक आणि कालवं (खडकाला चिकटलेले धारदार शिंपले) नसलेला किनारा. रस्ता जवळ, लाटा लहान, आणि होड्यांची वर्दळ नाही असा. पायाला संवेदना नसलेल्या माणसाला कालवांनी कापलं तर त्याला कळतसुद्धा नाही, पाण्यात रक्त दिसतं तेव्हा सोबत्याला कळतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते आणि तिथे दिव्यांग स्पर्धकही उतरतात. तसा आडोशाचा किनारा डोळ्यांपुढे ठेवा. तीव्र उताराचे, लाट थेट पायाशी फुटणारे किनारे टाळा, ते कितीही प्रसिद्ध असले तरी. खाडीच्या मुखाजवळ तर नकोच. ओहोटीला खाडीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि तुम्हालाही सोबत नेतं.

लाटा फुटत आहेत आणि मधेच एक पट्टी शांत, फेस नसलेली, जरा गढूळ दिसते आहे? तीच धोक्याची. तिथून पाणी आत ओढलं जातं. नवखे लोक नेमके तिथेच उतरतात, कारण ती जागा सोपी दिसते. या ओढीत सापडल्यावर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं असतं. पण ज्याच्या हातापायांत तेवढी ताकद नाही त्याने तरंगत राहायचं, हात वर करायचा आणि सोबतच्या कयाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीची, वाट पाहायची. म्हणून अशी पट्टी दिसली की बेत रद्द. वाद घालत बसू नका.

आता वेळ. कोकणातला कोणताही जुना मच्छीमार तिथीच्या अंकाची पाऊणपट करून भरती सांगतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती पूर्ण होते. हिशोब ढोबळ आहे, प्रत्येक बंदराचा फरक थोडा वेगळा, म्हणून त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहाच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि वेगाने वाहतं. अष्टमीनंतरच्या दिवसांत भांग: चढ-उतार कमी, ओढ कमी. आपल्याला भांग हवी.

पण इथे एक गोम आहे. खुर्चीवाल्यांसाठी चढती भरती चांगली. पाणी किनाऱ्याकडे सरकत असतं, त्यामुळे पोहून परत येईपर्यंत पाण्याची कड वाळूवर अंथरलेल्या चटईच्या जवळ आलेली असते. उतरत्या पाण्यात नेमकं उलटं होतं: दमल्यावर चालायचं, उचलायचं अंतर वाढलेलं असतं. शिवाय सकाळ हवी, कारण रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी गुळगुळीत असतं. दुपारी खारे वारे सुटले की लाटा वाढतात. मात्र अष्टमीला सकाळी सहालाच भरती होऊन गेलेली असते, म्हणजे सगळी सकाळ ओहोटी. तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर दशमी ते द्वादशी हे दिवस सोयीचे. भांगेचा मंदपणा अजून थोडा असतो आणि भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. हिवाळ्यात उजाडतं सातच्या सुमारास, म्हणून मी एकादशी-द्वादशीच धरतो. सव्वासातला पाण्यात, भरती पूर्ण होता होता बाहेर. उपास असेल तर त्या दिवशी सोडा. उपाशीपोटी समुद्रात पोहणं हा कुठल्याच देवाचा आग्रह नसावा.

मतलई वाऱ्याचा एक तोटाही सांगून ठेवतो. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून हवा भरलेल्या गाद्या, टायर, रबरी बोटी आतच जातात. पोहणाऱ्याला दोरीशिवाय अशा कशावरही बसवू नका.

पावसाळ्याचे महिने बादच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. मच्छीमार ज्या समुद्रात जात नाहीत तिथे आपण कशाला? पावसाळ्याच्या शेवटी किनाऱ्यावर निळ्या जेलीफिश येतात, तेव्हा ऑक्टोबर उलटू द्यावा. आणि शहराजवळच्या खाड्यांमधलं सांडपाणी विसरू नका. उघडी जखम, बिछान्याने झालेला व्रण किंवा पोटावर पिशवीसाठी केलेलं छिद्र असेल तर पाण्याच्या स्वच्छतेची खात्री हवीच. व्रण असेल तर तो भरेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं.

नदीत किंवा धरणात पोहणार असाल तर नियम वेगळे. धरणातून पाणी सोडण्याच्या वेळा पाटबंधारे खात्याच्या हातात असतात, तळाशी चिखल आणि झाडांची खोडं असतात, आणि बऱ्याच जलाशयांत पोहायला बंदी आहे. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि कठडा नसतो. कुबडीवाल्याला वाळूपेक्षा घाट धोक्याचा.

चौथी पायरी: रस्ता ते पाणी

आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन वाट चालून बघा, शक्यतो व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्याला घेऊन. गाडी कुठे थांबते, पायऱ्या किती, शौचालयाचं दार किती रुंद. मी एका किनाऱ्यावर सुंदर उतार बांधलेला पाहिला आहे. उताराच्या टोकाला सव्वा फूट उंचीची सिमेंटची पायरी होती. बांधणाऱ्याचं काम पूर्ण, बिल निघालेलं.

वाळूवर वाट करायला काथ्याच्या जाड चटया चालतात, प्लायवूडच्या फळ्या एकापुढे एक टाकूनही भागतं. फळ्या पुरेशा नसतील तर चार फळ्या घेऊन मागची उचलायची आणि पुढे टाकायची. वेळ लागतो, पण कुणी तोंडावर पडत नाही. ओल्या कडक वाळूवर साधी खुर्चीही मागे कलवून, पुढची चाकं उचलून, उलटी ओढत नेता येते. फुगीर चाकांची समुद्रकिनारी खुर्ची मिळाली तर उत्तमच. ब्लू फ्लॅग या स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या निकषांत दिव्यांगांसाठीच्या सोयीही येतात, तेव्हा जवळपास असा किनारा असेल तर तिथे आधी चौकशी करा. गोव्यात किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक असतात. त्यांना आदल्या दिवशी भेटून कोण येणार, काय अडचण आहे, हे सांगून ठेवलं की ते त्या बाजूला नजर ठेवतात.

रोजच्या वापराची खुर्ची पाण्यात नेऊ नका. मीठ बेअरिंग खातं, आणि ती खुर्ची म्हणजे त्या माणसाचे पाय आहेत. ती चटईच्या टोकाला, भरतीच्या खुणेच्या वर, सावलीत ठेवा. सावलीत यासाठी की उन्हात तापलेली गादी संवेदना नसलेल्या मांडीला भाजते आणि त्याला पत्ता लागत नाही. कृत्रिम पाय पिशवीत घालून तिथेच, आणि त्याच्यावर एक माणूस नेमा. वाळू सांध्यात गेली की पाय करकरतो आणि खोबणीत गेली की कातडं सोलतं. कुबडीच्या टोकाला रुंद तळ लावला तर ती वाळूत घुसत नाही. रबरी बुचाला चकती अडकवूनही काम भागतं.

उचलायची वेळ आलीच तर आधी विचारा: कुठे धरू? नेहमी उचलून घेणाऱ्या माणसाला ते तुमच्यापेक्षा नीट माहीत असतं. पक्षाघात झालेल्याला काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळतो. मोजणारा एकच, ‘एक, दोन, तीन’ त्याचंच. हाताला पकड असलेली जाड ताडपत्री किंवा कापडी झोळी घ्या. वाळूवरून फरपटत नेणं कटाक्षाने टाळा.

लाटेत खुर्ची नेताना खुर्ची आणि किनारा यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही. लाट आली की खुर्ची मागच्या माणसाच्या गुडघ्यावर आदळते. बाजूंना उभे राहा. लाटा झुंडीने येतात, तीन-चार मोठ्या झाल्या की थोडी उसंत मिळते. ती पाहूनच पुढे सरका. गुडघाभर पाण्यात बसवून थोडा वेळ थांबा, पाणी चेहऱ्यावर मारू द्या, श्वास लयीत येऊ द्या.

होडीतून उतरायचं असेल तर इंजिन बंद. नुसतं गिअर काढून ठेवणं नाही, बंद. शिडी पाण्याखाली दोन-तीन पायऱ्या जाणारी हवी, नाहीतर हातांच्या ताकदीवर परत चढता येत नाही. परत वर कसं घ्यायचं याची तालीम किनाऱ्याजवळ एकदा करूनच होडी आत न्या.

पाचवी पायरी: पाण्यात कोण, कुठे

माझा हिशोब असा. एका पोहणाऱ्यामागे एक सोबती पाण्यात, हाताच्या अंतरावर. दोन-तीन जोड्यांमागे एक कयाक किंवा रेस्क्यू बोर्ड (बुडणाऱ्याला आधार द्यायची तरंगती फळी), त्यावर जीवरक्षणाचं शिक्षण घेतलेला माणूस. किनाऱ्यावर एक जण फक्त मोजायला: किती आत गेले, किती बाहेर आले. त्याच्या हातात शिट्टी, झेंडा आणि मोबाइल. मोबाइल फोन करायला, रील काढायला नाही. किनाऱ्याला समांतर पोहायचं, उभं राहता येईल अशा खोलीच्या जवळ. सरळ आत जाणारा मार्ग आखू नका.

पुढचं प्रत्येकासाठी वेगळं आहे.

दृष्टिहीन पोहणारा सरळ रेषेत जात नाही. डोळे मिटून पोहून बघा, तुम्हीही जाणार नाही. सोबती शेजारी पोहतो आणि दोघांच्या कमरेला किंवा मांडीला लवचीक दोरी असते. दोरी एका झटक्यात सुटेल अशीच बांधा. डाव्या-उजव्या वळणासाठी खांद्यावर टिचकी, थांबायला दोन टिचक्या, हे तलावात पक्कं करा. पाण्यात आवाजाची दिशा कळत नाही, किनाऱ्यावरून ‘इकडे, इकडे’ ओरडून काही साधत नाही. उतरण्याआधी मात्र बोलून नकाशा द्या: लाट उजवीकडून येते, होडी डावीकडे, वळायचा फुगा शंभर हातांच्या मापावर.

कर्णबधिर माणसाला तुमची शिट्टी ऐकू येत नाही, ही गोष्ट आयोजक दर वेळी नव्याने शिकतात. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअरचा (कानात शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्राचा) बाहेरचा भाग काढल्यावर थोडंफार ऐकणारेही पूर्ण बहिरे होतात. रंगीत झेंडे, कयाकचं वल्हं उभं धरणं, हाताच्या ठरलेल्या खुणा वापरा. दर अमुक हात मारल्यावर सोबत्याकडे बघायचं असा करार करा. सोबती श्वास घेण्याच्या बाजूला हवा.

हात किंवा पाय नसलेल्यांचं पोहणं एका बाजूला वळत जातं. दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याचा सराव आणि दर आठ-दहा हात मारले की डोकं वर काढून खूण पाहणं, यावर उपाय होतो. दक्षिण आफ्रिकेच्या नताली डू टॉइट डाव्या पायाशिवाय, कृत्रिम पाय न लावता २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटर पोहल्या आणि सोळाव्या आल्या. तो नेहमीचा ऑलिंपिक गट होता, पॅरालिंपिक नव्हे.

मणक्याच्या इजेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे चूक जिवावर बेतते. इजेच्या खालच्या भागात थंडी कळत नाही आणि शरीराला आपलं तापमान सांभाळता येत नाही. कोकणातलं कोमट वाटणारं पाणीही शरीरापेक्षा बरंच थंड असतं, आणि पाय हलत नसतील तर ऊब तयारच होत नाही. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. पाय झाकणारा पोशाख आणि मोजे घालाच. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक धोका: मूत्राशय भरलं, नळी मुडपली, कपडा आवळला, पायाला काही टोचलं की रक्तदाब अचानक भडकतो. खूण म्हणजे ठोके पडत असल्यासारखं डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, इजेच्या वर दरदरून घाम. ताबडतोब बाहेर काढा, आडवं करू नका, बसतं ठेवा, कपडे सैल करा, नळी तपासा आणि रुग्णवाहिका बोलवा. पाण्यात जाण्याआधी मूत्राशय रिकामं करणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

फिट येणाऱ्यांनी एकट्याने पोहायचंच नाही, उथळ पाण्यातही नाही. गोळी चुकली, झोप झाली नाही किंवा ताप असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर. पाण्यात फिट आलीच तर मागून डोकं धरून तोंड वर ठेवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. झटके थांबले की बाहेर. नंतर ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी दवाखान्यात न्या, कारण फिटमध्ये पाणी फुप्फुसात गेलेलं असू शकतं.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसणं) असेल तर थंडीने स्नायू आखडतात, म्हणून ऊन चढल्यावर, कमी वेळ. डाउन सिंड्रोम असलेल्यांची मान काही वेळा नाजूक असते. सूर मारणं नको. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते पण धोक्याची जाणीव कमी, आणि नजर चुकवून पाण्याकडे जाण्यात त्यांचे जीव जातात. त्यामुळे त्यांच्यासाठी किनाऱ्यावरचा वेळ पाण्याइतकाच जोखमीचा: एका मुलामागे एक ठरलेलं माणूस, आणि ‘सगळे बघतायत’ हे उत्तर मान्य नाही. खाऱ्या पाण्याची चव, टोपीचा ताण, वाळूचा स्पर्श यांची सवय घरी बादलीपासून करा. काय होणार ते चित्रांनी आधी दाखवा आणि शेवट स्पष्ट ठेवा, जसं की त्या पिवळ्या फुग्याला हात लावला की संपलं.

सहावी पायरी: बिघडलं तर

आदल्या दिवशी कोरड्या वाळूवर तालीम करा. एकाने बेशुद्ध व्हायचं, बाकीच्यांनी त्याला पाण्याच्या कडेपासून चटईवरून रस्त्यापर्यंत आणायचं, घड्याळ लावून. पहिल्यांदा लागणारा वेळ पाहून तुम्ही चटई रुंद कराल किंवा माणसं वाढवाल. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, समुद्रात कुणी सापडत नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे क्रमांक मोजणाऱ्या माणसाच्या मनगटावर लिहा. सर्वांत जवळचा दवाखाना रविवारी सकाळी उघडा असतो का, हे शनिवारी जाऊन पाहा.

बुडालेल्या माणसाच्या बाबतीत हवा आधी. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देऊन सुरुवात करा, मग ३० वेळा छाती दाबणं आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. पोट दाबून पाणी काढत बसू नका. जेलीफिश चिकटली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. बधिर भागाला गरम पाणी लावताना ते आधी स्वतःच्या मनगटावर बघा.

परवानगीचा विषय थोडक्यात. चार मित्र पोहत असतील तर ग्रामपंचायत आणि जीवरक्षकांना कळवणं पुरतं. स्पर्धा किंवा मोठा गट असेल तर सागरी पोलीस आणि बंदरांचं काम पाहणाऱ्या मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं, मुंबई बंदराच्या हद्दीत तर आणखी बऱ्याच दारांवर. स्पर्धेच्या अर्जात ‘अपंगत्व आहे का, हो किंवा नाही’ एवढाच रकाना ठेवू नका. ‘पाण्यात उतरताना, पोहताना, बाहेर येताना काय मदत लागेल?’ असे तीन वेगळे रकाने द्या. तिसराच बहुतेक छापील अर्जांत नसतो. तलावातल्या पॅरा, म्हणजे दिव्यांगांच्या, स्पर्धांसाठीचं वर्गीकरण, म्हणजे शारीरिक दिव्यांगांसाठी एस-१ ते एस-१०, दृष्टिबाधितांसाठी एस-११ ते एस-१३ आणि बौद्धिक दिव्यांगांसाठी एस-१४, माहिती म्हणून घ्या. सोबती लागेल की नाही ते त्यावरून ठरवू नका.

बाहेर आल्यावर

माणूस ‘अजून एक फेरी’ म्हणतो तेव्हा बाहेर काढायची वेळ झालेली असते. थोडी ताकद बाकी असताना बाहेर आलेला माणूस स्वतःला खुर्चीत बसवायला मदत करतो. पूर्ण दमलेला निव्वळ ओझं होतो, आणि ते त्यालाही आवडत नाही.

आधी कोरडा टॉवेल, टोपी, मग गरम काहीतरी प्यायला. गोड्या पाण्याने धुताना वाळू बसते त्या सगळ्या घड्या पाहा. संवेदना नसलेला भाग आरशाने किंवा सोबत्याकडून तपासा: टाच, घोटा, बसायची हाडं. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या बाजूवर दाब नको. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा पाण्यात घुसमटलेला माणूस पेंगत असेल तर घरी नाही, डॉक्टरांकडे. खुर्चीची चाकं, कृत्रिम पायाचे सांधे, गॉगल सगळं गोड्या पाण्याने धुवून पुसा. एका जास्तीच्या पिंपाची सोय आधीच करून ठेवलेली बरी, किनाऱ्यावरचा नळ नेमका त्या दिवशी कोरडा असतो.

आणि चटई सर्वांत शेवटी गुंडाळा. मोजणाऱ्याने आकडा जुळल्याचं सांगितल्यावर, शेवटची खुर्ची डांबरावर पोचल्यावर. आमच्यातल्या एका उत्साही पोराने एकदा आवराआवर लवकर सुरू केली होती. आम्ही चटई गुंडाळून गाडीत घातली आणि मागे वळून पाहिलं तर एक जण कुबड्या वाळूत रोवून आमच्याकडे बघत उभा होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पसरा परत.’